शटरबाहेरची खुर्ची

"आज खुर्ची तुमच्याकडे, पाळकसाहेब," असं म्हणून सिस्टरनी प्लास्टिकची खुर्ची त्याच्या हातात दिली, आणि तो ती धरून गाळ्याच्या उंबऱ्यावर उभाच राहिला. आत न्यायला दिली असेल असं समजून त्याने एक पाय आत टाकलाही. तेव्हा सिस्टरनी, पेशंटला खाटेकडे वळवावं तसं दंडाला धरून त्याला रस्त्याकडे वळवलं. सगळा जन्म त्यांनी इस्पितळात नर्स म्हणून काढला होता; निवृत्त होऊनही हात अजून ड्युटीवरच होते. "मी बाहेर? मग उपासना कोण घेणार?" त्याने विचारलं. "घेऊ की आम्ही," सिस्टर म्हणाल्या, "पहिल्या पाळकांचाही नंबर यायचाच. तुम्ही नवे म्हणून इतके दिवस सोडलं तुम्हाला." त्यांच्या मागून मंडळीतला क्रेनवाला हसत म्हणाला, "बाहेर वारा आहे साहेब, मजा करा." पाळकाची बायको आतल्या शेवटच्या बाकावर बसली होती. तिने एकदा त्याच्याकडे आणि एकदा खुर्चीकडे पाहिलं आणि पर्समधून रुमाल काढून मांडीवर पसरला. मग क्रेनवाल्याने वर हात करून शटर खाली ओढलं. माणसांचे चेहरे गेले, पोटं गेली, शेवटी चपला गेल्या. पाळकाने वाकून बाहेरून कडी घातली. आतापर्यंत ही कडी पडल्याचा आवाज त्याने नेहमी आतूनच ऐकला होता. बाहेरून तो अगदीच किरकोळ निघाला.

बाहेरून येणाऱ्या माणसाला ही भानगड समजावून सांगायची म्हणजे पंचाईतच होती. पाळकांना नेमणारे मोठे साहेब पहिल्यांदा त्याला इथे सोडायला आले तेव्हा त्यांनाही ती धड समजली नव्हती. मंडळी छोटी, बोटांवर मोजण्याइतकी. देऊळवजा इमारत कुठून परवडणार, म्हणून बॅटरीचं दुकान आणि काचा कापणारा यांच्या मधला एक गाळा भाड्याने घेतलेला. वरच्या मजल्यावर कारखान्यातला एक रात्रपाळीवाला राहायचा. रविवारी सकाळी तो नुकताच कुठे आडवा झालेला असायचा, आणि बरोबर त्याच्या उशीखाली मंडळी गायला लागायची. त्याने भांडण केलं नाही. खाली येऊन डोळे चोळत एवढंच म्हणाला की शटर तरी पाडा हो, माणसाला झोप नको का? गाळ्याच्या मालकानेही मान डोलावली. म्हणून शटर पाडायचं. पण शटरची स्प्रिंग अशी ताठ, की कडी घातली नाही तर ऐन प्रार्थनेत ते आपोआप धडाडत वर जायचं. आतल्या बाजूने कडी नव्हती आणि मालक बसवू देत नव्हता. म्हणे पत्र्याला भोकं पडतात. म्हणून दर रविवारी कुणीतरी एकाने बाहेर खुर्ची टाकून बसायचं आणि शेवटचं आमेन झाल्यावर आतून कुणी पत्र्यावर बोटं वाजवली की कडी काढायची. आता बाहेरच्याने काढली नाही तर? असं त्याने पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं. मंडळीतल्या शिवणवाल्या बाईंनी त्याच्याकडे जरा काळजीने पाहिलं होतं. "का नाही काढणार?" त्या म्हणाल्या होत्या. हा प्रश्न त्या सगळ्यांपैकी कुणाला कधी पडलाच नव्हता, आणि त्याला मात्र त्या दिवसापासून दुसरं काही सुचत नव्हतं.

तो खुर्चीवर बसला. वारा खरंच होता. समोर रुंद रस्ता, सुट्टीचा दिवस म्हणून रिकामा, आणि रस्त्याच्या टोकाला बसचा थांबा. त्याने श्वास घेतला आणि तो थेट पोटापर्यंत गेला, कुठे अडकला नाही. इथे आल्यापासून हे पहिल्यांदाच झालं. इतर रविवारी शटर पडलं की त्याच्या छातीत कुणीतरी गुडघा रोवून बसायचं. वचन वाचताना तो ओळीच्या मध्येच थांबायचा, आणि मंडळीला वाटायचं, पाळकसाहेबांना भरून आलं. निदान त्याची अशी समजूत होती. पत्र्याच्या खालच्या फटीतून उजेडाची एक पट्टी आत यायची. तो प्रवचन करायचा तो त्या पट्टीला. प्रभूची दया, क्षमा, तारण, जे काय बोलायचं ते सगळं तिच्याकडे बघून. आज उपासना झाल्यावर मोठे साहेब येणार होते. सुरुवातीचा काळ संपला, आता कायमचं राहणार की परत येणार, एवढंच विचारायला. आणि तो नाही म्हणणार होता. काल जेवताना त्याने बायकोला तसा शब्द दिला होता. "नक्की?" तिने विचारलं होतं. "नक्की," तो म्हणाला होता. "तुमच्या तोंडून निघेल?" तिने विचारलं होतं, आणि त्याला राग आला होता, कारण तिने टोमणा मारला नव्हता, खरोखरच विचारलं होतं.

तोंडून निघणं. सगळं त्यातच अडलं होतं. इथे यायचंसुद्धा त्याच्या तोंडून कुठे निघालं होतं? मोठ्या शहरातल्या मोठ्या मंडळीत तो दुय्यम पाळक होता. तिथे उंच खिडक्या होत्या, सज्जा होता, पेटीवाला होता, आणि मुख्य पाळक बोलत असल्यामुळे त्याला फारसं बोलावं लागत नव्हतं. सगळा आनंद होता. मग एका दुपारी सगळ्या पाळकांची सभा भरली. लहान खोली, माणसं दाटीवाटीने, पंखा नुसता नावाला फिरत होता. मोठे साहेब उभं राहून बराच वेळ बोलत होते: एक वस्ती आहे, कठीण आहे, आधीचे पाळक थकून गेले, मूठभर माणसं वाट बघताहेत. त्याचं अर्धं लक्ष नव्हतं. त्याला घाम फुटला होता, डोळ्यांसमोर ठिपके नाचत होते. कुणीतरी मागची खिडकी उघडावी एवढंच त्याला सांगायचं होतं. शाळेपासूनची सवय, बोलायचं असलं की हात वर. त्याने हात वर केला. आणि खोलीत एकदम शांतता पसरली. मोठ्या साहेबांचे डोळे ओले झाले. ते दोन बाकं ओलांडून आले आणि त्यांनी त्याचा तोच, वर केलेला हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. त्यांनी नुकतंच विचारलं होतं, कोण जाईल? टाळ्या झाल्या, एकाने मिठी मारली, दुसऱ्याने जागच्या जागी प्रार्थना सुरू केली. खिडकी हवी होती हो, असं त्या वेळी कसं म्हणायचं? प्रार्थना संपल्यावर सांगू, असं त्याने ठरवलं. मग चहा झाल्यावर. मग घरी जाऊन फोनवर. घरी त्याच्या आधी बातमी पोचली होती. बायको शाळेत गाणं शिकवायची. वहीत कसलीशी चाल उतरवत बसली होती. ती म्हणाली, "मला आधी विचारायचंत तरी." तेव्हा तिला खरं सांगता आलं असतं. पण माणूस नवऱ्याचा एक वेळ हट्ट समजू शकतो, असला गाढवपणा कसा समजणार? तो म्हणाला, "मला हाक आली." हे वाक्य तिने पुन्हा कधी काढलं नाही, आणि म्हणूनच ते घरभर पडून राहिलं.

आत गाणं सुरू झालं. क्रेनवाल्याचा सूर नेहमीप्रमाणे रस्ता सोडून चालला होता आणि शिवणवाल्या बाई त्याला ओढून आणत होत्या. बाहेरून ऐकताना ते वाईट वाटत नव्हतं. उलट त्यात एक गंमत होती; मध्येच कुणीतरी चुकलं, सगळे हसले, पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू. त्याच्यासमोर ते कधी हसले नव्हते. त्याला जरा टोचलंच. म्हणजे आपण आत असतो तेव्हा हे सगळे आपल्याला सांभाळून बसतात की काय? बायकोचा आवाज त्यात नव्हता, हे त्याला न ऐकताही माहीत होतं. जिच्या गळ्यावर शाळेची पोरं जीव टाकायची ती इथे आल्यापासून ओठ मिटून बसायची. बाक सोडायची नाही, उशीर करायची नाही, फक्त गायची नाही आणि आमेन म्हणायची नाही. घरातली अर्धी खोकी अजून बांधलेलीच होती. रोज लागणारी वस्तू ती खोक्याचा एक कोपरा उचकटून काढायची आणि वापरून झाली की परत आत ठेवायची. त्याने एकदा सगळी खोकी सोडायला घेतली, तर ती शांतपणे म्हणाली होती, "कशाला पसारा?"

"आज तुम्ही का बाहेर?" वरून जिन्याने रात्रपाळीवाला उतरला होता. बनियन, हातात रिकामी बाटली, डोळे तांबारलेले. "झोपला नाहीत?" याने उगाच अपराधी होऊन विचारलं. "गाणं अर्ध्यात थांबलं की जाग येते. पूर्ण म्हणायला सांगा त्यांना," तो म्हणाला आणि जिन्याच्या पायरीवर ऐसपैस बसला. मग शटरकडे बघत म्हणाला, "तुम्ही त्यातलेच ना? धर्माचं सांगणारे? पहिले होते ते यायचे वर माझ्याकडे. चांगला होता म्हातारा. तुम्ही नाही आलात कधी." "येणार होतो," तो म्हणाला. "या की. पण एक विचारू का, राग नका मानू. असं शटर पाडून आत बसता, मग नवीन माणूस यायचा कुठून?" त्याने हसण्याचा प्रयत्न केला. "तुम्हीच तर पाडायला लावलंत." "मी लावलं हो," रात्रपाळीवाला म्हणाला, "पण तेव्हा मला दिवसाही झोप लागायची. आता वय झालं. आता उघडं ठेवलंत तरी माझं काही म्हणणं नाही. सांगितलं होतं मी त्या नर्सबाईंना. त्या म्हणाल्या, राहू दे, आता सवय झाली." एवढं बोलून तो बाटली घेऊन कोपऱ्यावरच्या नळाकडे निघून गेला. आणि ज्या कामासाठी मोठ्या साहेबांनी याला इतक्या लांब आणून सोडलं होतं ते काम स्वतःच्या पायांनी चालत येऊन पायरीवर बसलं होतं, हे याच्या लक्षात आलं तेव्हा रात्रपाळीवाल्याची पाठ दिसत होती. हाक मारायला तोंड उघडलं, पण हाक कोणत्या नावाने मारायची तेही त्याने कधी विचारलं नव्हतं.

सवय झाली म्हणे! म्हणजे हे लोक कोंडून घेतात ते आता आपल्या राजीखुशीने. तो मनातल्या मनात संतापला. संताप बरा वाटला, ऊब आली. मग त्याला आईचा हात आठवला. लहानपणी उपासनेत आई त्याला मांडीवर घ्यायची आणि प्रार्थना चालू असताना तो हसला, बोलला, नुसता खोकला, तरी तिचा तळहात त्याच्या तोंडावर येऊन बसायचा. रागाने नव्हे. मऊ हात, कपड्याच्या साबणाचा वास असलेला, आणि त्याच्या नाकाच्याही थोडा वरपर्यंत पोचणारा. तो हात ढकलायला लागला की आई आणखी मायेने दाबायची. जन्मल्या जन्मल्या तो फार आजारी होता, डॉक्टरांनी आशा सोडली होती, तेव्हा आईने देवाला सांगितलं होतं की हा जगला तर तुझा. "तुला मी देऊन टाकलंय," ती पाहुण्यांसमोर कौतुकाने सांगायची, आणि पाहुणे त्याच्या डोक्यावरून हात फिरवायचे. देऊन टाकलेल्या वस्तूला कुणी विचारत नाही, तुला कुठे जायचंय म्हणून. आई गेली तेव्हा तो नुकताच पाळक झाला होता. तिच्या डोळ्यांतला आनंद पाहून त्याला मनापासून रडू आलं होतं. आणि त्या रडण्यात, खोल कुठेतरी, आता तरी सुटलो असं काहीतरी होतं. ते त्याने आजवर कुणापुढे बोलून दाखवलं नव्हतं, देवापुढेसुद्धा नाही. देव आईच्या ओळखीचा होता.

रस्त्याच्या टोकाला एक बस येऊन थांबली. कुणी उतरलं नाही. तो उभा राहिला. पाय मोकळे करायला म्हणून चार पावलं चालला, मग आणखी काही. बॅटरीचं दुकान मागे पडलं. हे इतकं सोपं होतं? पाकीट खिशात होतं. मागून कुणी हाक मारणार नव्हतं. हाक मारणारे सगळे कडीच्या आड होते. त्या विचाराची त्याला नुसती भीतीच वाटली असं नाही. बस तशीच उभी होती, ड्रायव्हर आरशात केस नीट करत होता. बायकोही आत आहे हे त्याला आठवलं, आणि ते जरा उशिरा आठवलं, याची त्याला लाज वाटली. बस गेली. तो परत आला आणि खुर्चीवर न बसता पत्र्याला पाठ लावून उभा राहिला. म्हणून तर पुढचं त्याला ऐकू आलं. नाही तर खुर्चीपर्यंत तो आवाज पोचला नसता.

आत सिस्टर प्रार्थना करत होत्या. त्यांची प्रार्थना नेहमीच ड्युटी संपताना पुढच्या नर्सला पेशंटचं सांगावं तशी असायची. "देवा, आमच्या पाळकांचं बघ," त्या म्हणत होत्या. "माणूस चांगला आहे. पण त्यांचा जीव इथं गुदमरतो. शटर पडलं की ते पांढरे पडतात, आम्ही बघतो ना. वाचताना थांबतात ते श्वासासाठी थांबतात. आमच्यासाठी म्हणून ते बोलत नाहीत. आज साहेब येतील. आज त्यांना नाही म्हणायला बळ दे. आमचा विचार त्यांच्या मनात येऊ देऊ नकोस. आमची काळजी नको, आमचं आम्ही बघतो, आजवर बघितलंच. त्यांना मोकळं कर. त्यांच्या बाईंनाही मोकळं कर." "आमेन," सगळे म्हणाले. आणि त्या सगळ्यांच्या वर, स्वच्छ, गळ्यातून नव्हे तर बेंबीच्या देठापासून निघालेला एक आवाज आमेन म्हणाला. तो त्याच्या बायकोचा होता.

म्हणजे त्याचा नंबर वगैरे काही आलेला नव्हता. हे बोलता यावं म्हणून त्यांनी त्याला बाहेर काढलं होतं. तो पत्र्याला टेकला होता. त्यांनी त्याला थांबवलं असतं, हातापाया पडले असते, पहिल्या पाळकांचे दाखले दिले असते, तर तो किती सहज नाही म्हणाला असता! त्या नाहीची सगळी तयारी त्याने त्यांच्या रडारडीवर बेतली होती. आता त्यांनी कुंपणच काढून घेतलं होतं, आणि कुंपणाशिवाय उडी कशावरून मारायची ते त्याला समजेना. राग धरायला एकही माणूस उरला नव्हता. पांढरे पडतात म्हणे! हे इतके दिवस त्यांना दिसत होतं. आणि दर रविवारी पहिल्या बाकावर बसून, त्याचा श्वास परत येईपर्यंत, ती माणसं माना खाली घालून थांबत होती. त्याला वाटलं होतं, ती भारावतात. त्याला त्या माणसांची अतोनात माया आली आणि त्याच क्षणी इथून सुटायची शेवटची वाट बंद झाल्याचंही कळलं, आणि ही दोन्ही एकच गोष्ट आहे हे पाहून तो घाबरला.

पत्र्यावर बोटं वाजली. उपासना संपली होती. त्याने कडीला हात घातला आणि हात तिथेच राहिला. उघडलं की साहेब येणार. उघडलं की बोलावं लागणार. आणखी जरा वेळ, एवढंच त्याला हवं होतं. बोटं पुन्हा वाजली. मग तळहात. "पाळकसाहेब?" क्रेनवाल्याचा आवाज आला. त्याने श्वास रोखून धरला. आत कुजबूज झाली, बाक सरकला. "गेले वाटतं," शिवणवाल्या बाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता, धास्ती नव्हती. "गेले असतील तर बरंच झालं," सिस्टर म्हणाल्या, "ऐकलं म्हणायचं देवाने. थांबा, वरच्यांना हाक मारू, ते काढतील कडी." मग त्याच्या बायकोचा आवाज आला, अगदी पत्र्याला लागून, जणू तिला तो पलीकडे नेमका कुठे उभा आहे ते दिसत होतं.

"ते गेले नाहीत," ती म्हणाली. "त्यांना जाता येत नाही."

त्याने कडी काढली. शटर हातातून निसटून धडाडत वर गेलं, आणि उजेडात सगळे डोळे बारीक करून उभे राहिले. बायको सर्वांत पुढे होती. "मला जाता येतं," तो म्हणाला. मंडळीसमोर बोलायचं नव्हतं, पण ते निघून गेलं. "मग गेला का नाहीत?" तिने विचारलं. तिचा आवाज कडवट नव्हता. "इतका वेळ रस्ता मोकळा होता तुम्हाला." क्रेनवाला बाक लावायला वळला, शिवणवाल्या बाई चप्पल शोधायला लागल्या, जरी ती त्यांच्या पायातच होती. तेवढ्यात काचवाल्याच्या दुकानासमोर साहेबांची गाडी येऊन थांबली.

साहेब उतरले, सगळ्यांशी हात मिळवत आले, शिवणवाल्या बाईंच्या गुडघेदुखीची चौकशी केली आणि मग त्याच्या खांद्यावर हात ठेवून, आधीच खूश होऊन, म्हणाले, "मग? काय ठरलं?" सिस्टर त्याच्याकडे बघत होत्या. मान किंचित हलवत होत्या, नाही म्हणा, नाही म्हणा, लहान पोराला औषध गिळायला लावावं तशा. क्रेनवालाही बघत होता. सगळी मंडळी श्वास रोखून त्याच्या नाहीची वाट बघत होती, आणि त्याच्या तोंडात तो शब्द तयार होता, जिभेवर होता.

"राहतो," तो म्हणाला.

साहेबांनी त्याला मिठी मारली. साहेबांच्या खांद्यावरून त्याला सिस्टरचा चेहरा दिसला. पेशंट हातचा गेल्यावर त्या असाच चेहरा करत असतील. बायकोने रुमालाची घडी घातली, पर्समध्ये ठेवली, पर्सची चेन लावली. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. ती सिस्टरजवळ गेली आणि पहिल्यांदाच या गाळ्यात कुणाशी तरी आपणहून बोलली.

"सिस्टर, पुढच्या रविवारी खुर्ची मला द्या."

"तुम्हाला?" सिस्टर म्हणाल्या, आणि त्यांनी याच्याकडे पाहिलं.

त्याने बाहेरची खुर्ची उचलून आत आणली. तिला जाता येत होतं.